उघडल्यावर थांबणारा माणूस

रविवार, रात्री

आठ महिने फळीवर गुंडाळून ठेवलेला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, आज खाली काढला. ज्यांच्याकडून तो जुना म्हणून घेतला त्यांनी देताना एवढेच सांगितले होते की तो शर्यतीच्या कामासाठी खास बांधून घेतलेला, साडेनऊ इंची आणि साडेतीन हजार फेऱ्यांच्या स्टॉलचा आहे. हबचे, म्हणजे मधल्या नळीचे, तोंड खाली करून तो दुपारभर उलटा ठेवला आणि आतले तेल पांढऱ्या कापडावर गळू दिले. सुरुवातीचे तेल लालसर होते. मग ते काळपट होत गेले आणि जळका वास येऊ लागला. कापड उजेडात तिरके धरले तेव्हा त्यावर बारीक चमचम दिसली. चुंबक फिरवून पाहिला, तर काही कण त्याला चिकटले आणि बरेच जागच्या जागी राहिले. याचा अर्थ आत पोलादाबरोबर पितळ किंवा ॲल्युमिनियमही कुठेतरी झिजले आहे.

त्यानंतर हबमधून दोन बोटे आत घालून स्टेटरच्या (तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या मधल्या चाकाच्या) रेसच्या, म्हणजे आतल्या कड्याच्या, खाचा धरल्या आणि ती फिरवून पाहिली. एका दिशेने ती मोकळी फिरली, दुसऱ्या दिशेने अडली, म्हणजे स्टेटरला एकाच दिशेने फिरू देणारा वन-वे क्लच वरवर तरी काम करतो आहे. मात्र अडण्यापूर्वी बोटांना किंचित ढिलेपणा जाणवला, आणि तो मला आवडला नाही. शिवाय बोटांच्या जोराने अडणे निराळे आणि इंजिनाच्या जोराला अडणे निराळे. गाडी जागेवरून सुटताना कन्व्हर्टर टॉर्क दुप्पट करत असेल, तर इंजिनाइतकाच टॉर्क स्टेटरला पेलावा लागतो, आणि तो सारा भार त्या एका छोट्या क्लचच्या स्प्रॅगवर, म्हणजे उलटे फिरणे अडवणाऱ्या तुकड्यांवर, येतो. माझ्या इंजिनाच्या ४२० न्यूटन-मीटरच्या हिशेबाने प्रत्येक वेळी सुटताना ४२० न्यूटन-मीटर. तो घसरला तर टॉर्क वाढवण्याचे काम थांबते आणि गाडी सुरुवातीलाच मंदावते. तो उलट जाम झाला तर सुटताना काही कळत नाही, पण वेग घेतल्यावर स्टेटर तेलाच्या वाटेत आडवा उभा राहतो आणि तेल तापत जाते.

शेवटी कडेच्या वेल्डवरून बोट फिरवले आणि एका जागी थांबलो. मूळचा वेल्ड अरुंद आणि एकसारखा आहे, पण त्याच्यावर दुसरा, रुंद, हाताने ओढलेला वेल्ड चढलेला आहे. कोणीतरी हा कन्व्हर्टर आधी एकदा कापून उघडला होता, आणि विकणाऱ्यांनी ते सांगितले नव्हते. कदाचित त्यांनाही ते ठाऊक नसेल.

तेव्हा तो उघडून नव्याने बांधून, म्हणजे रिबिल्ड करून घ्यायचा, हे नक्की. तो कोणाकडून, हे अजून ठरलेले नाही.

सोमवार

आज सकाळपासून साडेतीन हजार हा आकडा डोक्यात आहे. स्टॉल स्पीड म्हणजे टर्बाइन (गिअरबॉक्सला फिरवणारे पात्यांचे चाक) जागेवर धरून ठेवले असता इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त जितके फेरे घेऊ शकते तो वेग. तो एकट्या कन्व्हर्टरचा गुण नसतो, इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्या जोडीचा असतो, आणि विकत घेताना मी हे पुरेसे मनावर घेतले नव्हते. कन्व्हर्टर जो टॉर्क शोषून घेतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. मागच्या मालकांचे इंजिन त्या वेगाला ६०० न्यूटन-मीटर देत असेल आणि माझे ४२० देत असेल, तर माझ्या गाडीत हाच कन्व्हर्टर ३५००ला नव्हे, तर सुमारे २९३०ला अडेल. जवळजवळ पावणेसहाशे फेऱ्यांचा हा फरक कोणाच्या कारागिरीचा दोष नाही, तो फक्त वर्गमुळाचा हिशेब आहे.

पाचव्या घाताचे महत्त्वही कागदावर करून पाहिले. बाकी सारी रचना तीच ठेवून दहा इंचांऐवजी साडेनऊ इंचांचा कन्व्हर्टर घेतला, तर त्याची टॉर्क शोषण्याची क्षमता सुमारे ७७ टक्क्यांवर येते आणि त्याच टॉर्कला स्टॉल अंदाजे १४ टक्क्यांनी वर जातो. पात्यांचा कोन आणि स्टेटरच्या पात्यांचा आकार यांचा परिणाम त्याहून वेगळा. त्यामुळे या कन्व्हर्टरला हात लावणाऱ्याला केवळ झिजलेले सुटे भाग बदलायचे नाहीत, तर आत कोणते कोन आहेत आणि ते माझ्या इंजिनाला चालतील का हेही ठरवायचे आहे. साध्या कन्व्हर्टरच्या दुरुस्तीत हा दुसरा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे गाडीही ठरलेली असते आणि स्टॉलही ठरलेला असतो.

मंगळवार

साहजिकच पहिला फोन मूळ बनवणाऱ्यांना केला. त्यांनी पाठीवर ठोकलेला क्रमांक विचारला, थोड्या वेळाने नोंद शोधून काढली आणि तो कोणत्या प्रकारच्या इंजिनासाठी बांधला होता हेही सांगितले. माझ्या मनात काम जवळजवळ त्यांनाच देऊन झाले होते. मग मी दुसऱ्या वेल्डबद्दल सांगितले आणि बोलण्याचा रोख पालटला. दुसऱ्या कोणी उघडलेल्या कन्व्हर्टरच्या आत आमचाच स्टेटर आहे असे आम्ही गृहीत धरू शकत नाही, असे ते म्हणाले. अशा वेळी कव्हर आणि इम्पेलरचे (इंजिनाबरोबर फिरून तेल ढकलणाऱ्या चाकाचे) आवरण चांगले असेल तर तेवढेच ठेवून आतले सारे नवे घालण्याची त्यांची पद्धत आहे, आणि काढलेले भाग ते परत देत नाहीत.

यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही. ज्या वस्तूवर आपले नाव आहे तिच्यात परक्याच्या हातची एकही गोष्ट राहू द्यायची नाही, हा बाणा मला पटतो. तरीही फोन ठेवल्यावर एक रुखरुख लागून राहिली. त्यांच्याकडून परत येणारी वस्तू निर्धास्तपणे वापरण्याजोगी असेल, पण ही का बिघडली ते मला कधीच कळणार नाही. कारण गाडीतच असेल, तेल अपुरे थंड होत असेल किंवा दाब कमी पडत असेल, तर ते कारण नव्या भागांनाही तसेच खाईल.

गुरुवार

आज एका मोठ्या कारखान्यात गेलो होतो. तिथे रोजच्या गाड्यांचे कन्व्हर्टर एकामागून एक रिबिल्ड होत असतात. तासभर उभा राहून पाहिले आणि ते पाहणे फार सुखाचे होते. लेथवर कन्व्हर्टर फिरतो, हत्यार वेल्डवर टेकते, पोलादाची निळसर साल वळत वळत खाली पडते, आणि मग एका क्षणी कव्हर सुटून ठक असा बोदा आवाज येतो. आतून निघालेला गाळ बोटभर जाड होता. धुणे, बुशिंग आणि सील बदलणे, आतली प्ले, म्हणजे भागांमधली मोकळीक, मोजून जुळवणे, पुन्हा वेल्ड करणे, हवा भरून पाण्यात बुडवून गळती पाहणे, बॅलन्स करणे, हे सारे तिथे इतक्या सफाईने चालले होते की माझ्या रोजच्या गाडीचा कन्व्हर्टर मी डोळे मिटून तिथे देईन.

माझ्या कामासाठी मात्र एका उत्तरापाशी मन मागे फिरले. स्टेटर खराब निघाला तर कोणता घालणार, असे मी विचारले, तेव्हा त्या खाचांवर बसणारा घालू, असे उत्तर मिळाले. खाचा जुळणे आणि पाती जुळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्याच मापाच्या खाचांचा, पण वेगळ्या पात्यांचा स्टेटर विनातक्रार बसतो आणि स्टॉल मात्र कितीतरी बदलून जातो. थ्रस्ट बेअरिंगबद्दलही, म्हणजे पुढे-मागे येणारा रेटा पेलणाऱ्या बेअरिंगबद्दलही, तेच झाले. या कन्व्हर्टरमध्ये साध्या वॉशरच्या जागी सुयांची बेअरिंगे असणार. ती गेली असतील तर त्यांच्या जागी वॉशर टाकून प्ले जुळवता येईल का, असे त्यांनीच मला विचारले. हा प्रश्न मला विचारला जावा, हेच मला बरे वाटले नाही.

शुक्रवार, उशिरा

ज्यांचा पत्ता माझ्या मेकॅनिकने दिला होता, ते एकटेच काम करतात आणि फक्त शर्यतीचे कन्व्हर्टर बांधतात. त्यांना फोन केला. मी कन्व्हर्टरबद्दल सांगू लागलो तर त्यांनी आधी गाडीबद्दल विचारले. चालकासह वजन किती, मागच्या टायरचा व्यास किती, फायनल ड्राइव्हचे गुणोत्तर काय, कॅमशाफ्ट कोणता, आणि कमाल पॉवर राहू द्या, दोन हजारांपासून चार हजारांपर्यंतचा टॉर्कचा आलेख आहे का? आलेख आहे म्हटल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, “आणि हा ज्या गाडीतून निघाला, तिच्या गिअरबॉक्सचं काय झालं होतं?”

हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. फोन ठेवून विकणाऱ्यांना लावला. बऱ्याच आठवणी काढल्यावर ते म्हणाले की हो, आधीच्या गिअरबॉक्सचे क्लच जळाले होते, गिअरबॉक्स नवा घातला, कन्व्हर्टर तोच ठेवला. एका वाक्यात रविवारच्या कापडाचा बराचसा उलगडा झाला. जळालेल्या क्लचची काजळी आणि कीस तेलाबरोबर कन्व्हर्टरमध्ये शिरला, बाहेर पडायला वाट मिळाली नाही, आणि नंतरचा सारा काळ तो आत घासत राहिला. बंद कन्व्हर्टर बाहेरून कितीही खळखळून धुतला तरी पात्यांमागे बसलेला गाळ पुरता निघत नाही, त्यासाठी तो उघडावाच लागतो.

त्या एकट्या कारागिरांना पुन्हा फोन करून हे सांगितले. त्यावर ते जे म्हणाले ते इथे शब्दशः उतरवून ठेवतो: “मी उघडतो, धुतो, मोजतो, फोटो पाठवतो आणि थांबतो. तुम्ही सांगेपर्यंत पुढे हात लावत नाही. पात्यांच्या ब्रेझिंगला तडे असतील किंवा आवरण फुगलेलं असेल, तर मी बांधणार नाही, तसाच परत देईन.”

त्यांच्या बाजूने सारेच काही अनुकूल नाही. पाच आठवडे थांबावे लागेल. त्यांच्याकडे स्वतःचे बॅलन्सिंग मशीन नाही, ते काम ते बाहेरून करून घेतात, आणि उच्च फेऱ्यांच्या वस्तूबाबत हे मला खटकते. म्हणून बॅलन्सचे माप आणि वेल्ड झाल्यावर हबचे डायल गेजवरचे माप, दोन्ही कागदावर हवे, अशी मागणी केली. त्यांनी लगेच होकार दिला. स्टॉलचा एकच आकडा मात्र त्यांनी द्यायला नकार दिला. तुमचा आलेख पाहून दोनशे फेऱ्यांचा पट्टा सांगेन, म्हणाले. तीन दिवस वर्गमुळे काढत बसलेल्या माणसाला हे उत्तर बरोबर वाटले.

शनिवार

मेकॅनिक आज घरी आले होते. त्यांचे म्हणणे सरळ आहे, की जुन्यात पैसे घालण्यापेक्षा नवा घे. आवरण एकदा फुगले असेल तर ते पुन्हा पुन्हा पुढे रेटते, तो रेटा क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, आणि मग बिघाड गिअरबॉक्सपुरता न राहता इंजिनात शिरतो. त्यांचा अनुभव माझ्या वयाहून मोठा आहे आणि या मुद्द्यावर ते चूक नाहीत. आम्ही दोघांनी मिळून हबची सीलची जागा नखाने तपासली, तिथे नख कुठेही अडकले नाही. सपाट पट्टी लावून कव्हरही पाहिले. बाहेरून फुगवटा दिसला नाही, पण आतली बाजू पाहिल्याशिवाय पैज लावणार नाही, असे ते म्हणाले. मीही लावणार नाही.

तिथेच माझे ठरले. आठवडाभर मी हे काम एकसलग समजत होतो आणि ते कोणाच्या हाती सोपवायचे हे शोधत होतो. खरे म्हणजे ती दोन कामे आहेत, एक उघडून पाहण्याचे आणि दुसरे बांधण्याचे, आणि त्या दोहोंच्या मध्ये नवा घ्यायचा की हाच ठेवायचा हा निर्णय आहे. बनवणाऱ्यांकडे तो निर्णय पद्धतीने आधीच झालेला आहे, कारखान्यात तो लेथजवळ उभा असलेला माणूस घाईत घेणार, आणि या एकाच ठिकाणी तो माझ्याकडे परत येतो. मेकॅनिकना हे सांगितले. आवरण फुगलेले निघाले तर तुमचे ऐकून नवा घेईन, असेही कबूल केले. ते काही बोलले नाहीत, पण हबच्या तोंडाला बसेल असे लाकडी बूच त्यांनीच शोधून दिले.

संध्याकाळी कन्व्हर्टर जाड कापडात गुंडाळून पेटीत बसवला. सोबतच्या चिठ्ठीत गाडीचे वजन, टायरचा व्यास, गुणोत्तर, कॅमशाफ्टचे मोजमाप, टॉर्कचा आलेख आणि आधीच्या गिअरबॉक्सची हकीकत लिहिली. साडेतीन हजार हा आकडा लिहिला नाही. दुसरा वेल्ड जिथे सुरू होतो तिथे खडूने खूण केली आणि काढलेले सारे जुने भाग परत हवेत, हे वेगळ्या ओळीत लिहिले.

हातात आता पाच आठवडे आहेत. एरवी कन्व्हर्टर बसवला की काम झाले असे मी मानले असते, पण शुक्रवारच्या फोननंतर तसे मानता येणार नाही. माझा तेलाचा कूलर आणि त्याच्या नळ्याही मी त्याच गाडीतून, त्याच व्यवहारात घेतल्या होत्या आणि त्या अजून तशाच पडून आहेत. त्या क्लचचा कीस त्यांतूनही फिरलेला आहे. नळ्या धुऊन निघतील, कूलरच्या आतल्या बारीक वाटांची खात्री देता येत नाही. उद्या तो नवा मागवतो.