क्नोसॉसला जाताय? आधी सिमेंट ओळखायला शिका

क्नोसॉस म्हणजे ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष, इराक्लिओ शहराहून जेमतेम पाच किलोमीटर. शहरातून २ नंबरची बस थेट नेते. तिकीट ऑनलाइन काढून ठेवलं होतं, पण नाश्त्याला रेंगाळलो आणि पोचायला अकरा वाजले. क्रूझवाल्यांच्या बसगाड्या आमच्या आधीच हजर! सिंहासनाच्या दालनासमोर पाऊण तास उन्हात रांग. तुम्ही दार उघडायच्या वेळेलाच जा. पाणी आणि न घसरणारे बूट हवेतच, पायऱ्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत.

खाली निमुळत्या होत गेलेल्या लाल खांबांकडे आई बघत राहिली. म्हणाली, "अगं, हे तर सिमेंट!" अगदी बरोबर. मूळ खांब लाकडी होते, ते केव्हाच गेले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सने १९०० साली इथे उत्खनन सुरू केलं आणि पुढे मजलेच्या मजले काँक्रीटमध्ये उभे केले. इथल्या प्राचीन संस्कृतीचं 'मिनोअन' हे नावही त्यानेच रूढ केलं, दंतकथेतल्या मिनोस राजावरून. मला आधी रागच आला. पण ते जिने नसते तर इमारत किती मजली होती हे माझ्या डोक्यात शिरलंही नसतं.

बैलाच्या तोंडाचा राक्षस जिथे कोंडला होता तो भूलभुलैया हाच, असं गाइड रंगवून सांगतात. मला त्याहून आवडली ती इथेच सापडलेली मातीची एक पाटी. तिच्यावर सगळ्या देवांना एक भांडं मध आणि एक भांडं, बहुतेकांच्या वाचनाप्रमाणे, 'भूलभुलैयाच्या स्वामिनीला'. राक्षस नाही, कारकुनाचा हिशेब! पाटीवरची ही 'लिनिअर बी' लिपी ग्रीकच भाषा लिहिते हे ब्रिटिश वास्तुविशारद मायकेल व्हेंट्रिसने १९५२मध्ये दाखवलं. क्रीटच ग्रीसच्या मुख्यभूमीवर राज्य करत होतं असं मानणारा इव्हान्स तोवर वारला होता. राजवाड्याचे शेवटचे कारकून ग्रीक लिहीत होते, म्हणजे गणित उलटंच निघालं. त्याआधीची 'लिनिअर ए' लिपी मात्र अजून कुणाला वाचता आलेली नाही.

दुपारी इराक्लिओचं पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका. भित्तिचित्रांतले जुने तुकडे वेगळे ओळखू येतात, मधली सपाट जागा आधुनिक रंगाची. केशर वेचणारा निळा मुलगा म्हणून जे चित्र जोडलं होतं, तो पुढे माकड निघाला. हे ऐकल्यापासून आई प्रत्येक चित्रासमोर थांबून शेपूट शोधत होती. किमान दोन तास हाताशी ठेवा.