मेलबर्नला गेलात तर व्हिटन ओव्हललाही जा

मेलबर्नला गेलेला आपला माणूस एमसीजी (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) बघितल्याशिवाय परत येत नाही, बघावंच, पण तिथल्या लोकांना फुटबॉलचं जे वेड आहे ना ते एमसीजीच्या टूरमध्ये कळत नाही. त्यासाठी एखाद्या क्लबच्या प्रॅक्टिस ग्राउंडवर जाऊन कुंपणाला टेकून उभं राहायला लागतं. मी गेलो मेलबर्नच्याच फुटस्क्रे भागातल्या व्हिटन ओव्हलवर, वेस्टर्न बुलडॉग्ज या क्लबच्या घरी. ताई टारनीटला राहते (मेलबर्नच्या पश्चिमेला आपली मंडळी खूप आहेत, पॉइंट कूक, टारनीट वगैरे, दुकानात मागून मराठी ऐकू आलं तरी कोणी वळून बघत नाही), तिची मुलगी ऑसकिकला जाते, म्हणजे लहान मुलांसाठी फुटीचे जे क्लास असतात तिथे, आणि ती कट्टर बुलडॉग्ज. "मामा, आधी आमचं ग्राउंड, मग बाकीचं मेलबर्न," असा हुकूमच निघाला.

टारनीटहून व्ही-लाइनची ट्रेन पकडायची, फुटस्क्रेला उतरून सनबरीकडे जाणारी लोकल घ्यायची आणि मिडल फुटस्क्रे सोडून वेस्ट फुटस्क्रेला उतरायचं, तिथून चालत. जुलै महिना, थंडी होतीच पण खरा त्रास वाऱ्याचा. हे मैदान वाऱ्यासाठी जुन्या काळापासून कुप्रसिद्ध आहे, एका टोकाला बार्कली स्ट्रीट, आणि वारा कुठल्या गोलाकडे वाहतोय यावर पूर्वी अख्खी मॅच फिरायची म्हणे. कानटोपी घेऊन जा एवढंच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आपल्याला माहीत असलेला फुटबॉल नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स, तिकडे सगळे फुटी म्हणतात. क्रिकेटच्या मैदानासारखंच अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ जण, बॉल लांबुळका, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला तर ६ पॉइंट, बाजूच्या खांबांतून गेला तर १. हातात बॉल घेऊन पळता येतं पण १५ मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर आपटायला किंवा टेकवायला लागतो, आणि बॉल फेकायचा तर अजिबात नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. टीव्हीवर बघताना मला हा सगळा गोंधळ वाटायचा. कुंपणाजवळून बघितलं आणि चित्रच बदललं.

आम्ही गेलो तेव्हा टीमची प्रॅक्टिस चालू होती, लोकांना बघायला मोकळी होती, तिकीट नाही काही नाही. दोन प्लेअर आमच्यासमोर जेमतेम चार-पाच पावलांवर हँडबॉल करत होते. बॉल डाव्या तळव्यावर, उजवी मूठ खालून येते, ठप् असा आवाज येतो, तोवर समोरच्याने बॉल झेलून परत मारलेला असतो. मग हळूहळू दोघं मागे सरकत गेले, मग पळत पळत, मग डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी. बोलणं शून्य. किक मारतानाही तेच, बॉल पायावर असा सोडतात की तो हवेत उलटा गरगरत जातो आणि म्हणून सरळ जातो. भाचीने बाजूच्या पायवाटेवर मला बाउन्स शिकवला. टोक पुढे झुकवून आपटायचं म्हणजे तो परत हातात येतो, नाहीतर गटाराकडे. तिला जमतो, आठ वर्षांची आहे.

कुंपणाच्या कडेने बघितलं तर सगळा मोहल्ला तिथे. बाबागाडी घेऊन आलेली एक बाई, कुत्र्याला फिरवणारे काका, शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं, पगडी घातलेले एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन. आपल्या शिवाजी पार्कात जसं एकीकडे नेट चालू असतात आणि बाकीचं पार्क सगळ्यांचं असतं तसंच वाटलं मला, फक्त इथे नेटमध्ये थेट नॅशनल लीगचे प्लेअर. क्लबच्या इमारतीत पाळणाघर सुद्धा आहे. आणि क्लबचं फाउंडेशन पश्चिम भागातल्या पुरुषांसाठी सन्स ऑफ द वेस्ट नावाचा आरोग्याचा मोफत कार्यक्रम चालवतं, डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणारा माणूस क्लबच्या नावाने तरी येतो. बायकांसाठीही तसाच कार्यक्रम आहे.

आता हे सगळं इथेच का, तर त्यासाठी फुटस्क्रे कळायला हवं. शहरापासून जेमतेम पाच किलोमीटरवर पण कायम कामगारांचा भाग, कारखाने, कत्तलखाने, दगडाच्या खाणी. आधी इटालियन, ग्रीक, मग व्हिएतनामी, मग इथिओपियन, आता आपण. क्लब १९२५ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला, १९५४ मध्ये पहिला किताब जिंकला, आणि मग पैशाची चणचण कायमचीच. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये लीगने जाहीर केलं की फुटस्क्रे (बुलडॉग्जच्या क्लबचं तेव्हाचं नाव) आणि फिट्झरॉय हे दोन क्लब एकत्र करणार, म्हणजे नावापुरते बुलडॉग्ज उरणार. लोक पेटले. एक वकील, पीटर गॉर्डन, पुढे झाला, आयरीन चॅटफील्ड नावाची एक सामान्य सपोर्टर कोर्टात गेली आणि तिने स्थगिती आणली, तीन आठवड्यांत पैसे उभे करायचे होते आणि लोक डबे घेऊन दारोदार फिरले, याच मैदानावर मोठी सभा झाली. क्लब वाचला. फिट्झरॉयचं पुढे काय झालं बघा, १९९६ च्या शेवटी तो ब्रिस्बेनच्या क्लबात विलीन झाला.

कुंपणाजवळ एक आजी भेटल्या, लाल-पांढरा-निळा मफलर, त्यावर प्लेअर्सच्या नंबरांचे बिल्ले इतके की मूळ लोकर दिसत नव्हती. त्यांनी तेव्हा स्टेशनबाहेर डबा वाजवला होता. म्हणाल्या, ज्यांच्याकडे ट्रेनच्या तिकिटापुरतेच पैसे होते त्यांनीही टाकले. हे सांगताना त्यांचं लक्ष ग्राउंडवरच होतं, मधेच ओरडून एका प्लेअरला त्याच्या पहिल्या नावाने शाबासकी दिली आणि त्यानेही हात वर केला. मला ते फार आवडलं, खरंच.

मैदानाबाहेर टेड व्हिटनचा ब्राँझचा पुतळा आहे, त्याच्याजवळ थांबा जरा. फुटस्क्रेसाठी ३२१ मॅच खेळलेला, मिस्टर फुटबॉल म्हणायचे त्याला. १९९५ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरने गेला, त्याच्या आधी काही आठवडे एमसीजीवर उघड्या गाडीतून त्याची फेरी काढली, दृष्टी गेली होती, तरी तो हात हलवत होता आणि सगळं स्टेडियम उभं राहून रडत होतं. त्याच वर्षी वेस्टर्न ओव्हलचं नाव व्हिटन ओव्हल झालं.

पुरुषांची शेवटची लीग मॅच इथे १९९७ मध्ये झाली, आता ते डॉकलँड्सच्या मोठ्या स्टेडियममध्ये खेळतात. पण २०१६ मध्ये ६२ वर्षांनी दुसरा किताब आला, तोही टेबलवर सातव्या नंबरवरून, असं त्याआधी कोणीच केलं नव्हतं. फायनलमध्ये सिडनीला २२ पॉइंटने हरवलं. कॅप्टन बॉब मर्फी जखमी होऊन आधीच बाहेर होता, तर कोच ल्यूक बेव्हरिजने त्याला स्टेजवर बोलावून स्वतःचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं. यूट्यूबवर आहे, बघा, डोळे पुसायची तयारी ठेवून. आणि दुसऱ्या दिवशी कप घेऊन टीम कुठे आली? इथेच, हजारो लोक जमले होते. भाऊजी तेव्हा या देशात नवीनच होते, कोणाची तरी वरात समजून बघायला गेले आणि बुलडॉग्जचे होऊन परत आले.

बायकांची लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातल्या बुलडॉग्जच्या मॅच मात्र या मैदानावर होतात. बायकांच्या फुटबॉलसाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या सुझन अल्बर्टी याच क्लबच्या उपाध्यक्ष होत्या, आणि २०१८ मध्ये बुलडॉग्जच्या मुलींनी भर पावसात ब्रिस्बेनला सहा पॉइंटने हरवून कपही आणला. भाचीच्या खोलीत त्यांचंच पोस्टर आहे, मुलांच्या टीमचं नाही.

जाणार असाल तर प्रॅक्टिस लोकांसाठी कधी खुली आहे ते क्लबकडे आधी बघून घ्या. बायकांची मॅच मिळाली तर उत्तमच, तिकीट स्वस्त असतं आणि कुंपणाला लागून उभं राहता येतं. भूक लागली की बार्कली स्ट्रीटवर वेस्ट फुटस्क्रेच्या बाजूला चालत जा, ओळीने भारतीय हॉटेलं आहेत. पण एक जेवण फुटस्क्रे मार्केटच्या आसपास व्हिएतनामी किंवा इथिओपियन घ्याच. आणि मुलं बरोबर असतील तर लांबुळका बॉल घेऊन जा, आमच्या भाचीने निघताना ताईला अजून अर्धा तास थांबवून घेतलं होतं.