जुना काटा, नवा लॅपटॉप आणि मधली केबल

आमच्या दूध संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर गेल्या डिसेंबरात ऐन सकाळच्या संकलनात बंद पडला. थंडीचे दिवस, म्हणजे दूध सगळ्यात जास्त. कॅन घेऊन माणसं रांगेत उभी. त्या सकाळी मी पावतीबुक काढलं आणि पुढचे चार दिवस हातानेच लिहीत होते: लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम.

गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो आणि तिथून पॉइंटाप्रमाणे वर-खाली होतो. त्यामुळे 3.8 च्या जागी 3.6 पडलं तर दहा दिवसांच्या पगारात फरक दिसतोच. आमच्याकडे वजन काट्यावरून आणि फॅट मशीनवरून थेट पावतीवर येतं, मधे कोणाचा हात नाही, म्हणून लोक आमच्याकडे दूध घालतात. हाताने लिहिलेल्या पावतीकडे एक आजी बराच वेळ बघत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं.

जुना कॉम्प्युटर दुरुस्त होणार नव्हता. मदरबोर्ड गेलेला. अण्णांनी (माझे सासरे) दुसऱ्याच दिवशी नवीन लॅपटॉप आणला. त्याला टाइप-सीची दोन पोर्टं, त्यातल्या एकात चार्जर, आणि दुसऱ्या बाजूला एकच साधं यूएसबी. आमचा काटा आणि फॅट मशीन दोन्हींच्या केबलला नऊ छिद्रांचं स्क्रूवालं टोक, सिरियल म्हणतात ते. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, त्याला मागे 36 पिनांचं रुंद पॅरलल सॉकेट, बाजूला दोन तारेच्या कड्या. लॅपटॉपला यातलं काहीच बसेना.

तालुक्याच्या दुकानात म्हणाले, "ताई, हे सगळं काढून टाका, नवीन सेट घ्या." काटा दरवर्षी वैधमापनचा शिक्का मारून घेतलेला, फॅट मशीन नीट चालणारं. चालती वस्तू केवळ तिची पिन जुनी झाली म्हणून काढायला माझं मन घेईना. मग त्यांनीच एक 'यूएसबी टू सिरियल' केबल दिली, बिनबिलाची.

घरी लावली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह आणि 'कोड 10'. ड्रायव्हर (केबल चालवणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला, दुसरा टाकला, लॅपटॉप चार वेळा बंद-चालू केला. रात्री साडेअकराला पुण्यातल्या दिरांना फोन लावला. ते कारखान्यात मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर काम करतात. त्यांनी आधी विचारलं, "वहिनी, आत चिप कोणती आहे?" असं काही विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

त्यांनी सांगितलं तेव्हा सगळा उलगडा झाला. ही केबल म्हणजे नुसतं टोक बदलणारी वस्तू नाही. काट्याची भाषा आरएस-232, ती 1960 सालची. तिच्यात 'एक' म्हणजे उणे व्होल्टेज आणि 'शून्य' म्हणजे अधिक, 3 पासून 15 व्होल्टपर्यंत. यूएसबीचा वीजपुरवठा 5 व्होल्टचा, आणि बोलण्याची पद्धतच वेगळी. केबलच्या जाड टोपणात एक चिप बसलेली असते, ती दुभाष्याचं काम करते. बाजारात चांगल्या चिपांच्या नकला भरपूर आहेत, आणि नवीन विंडोजमधला ड्रायव्हर नक्कल ओळखून चालू व्हायलाच नकार देतो. माझी केबल त्यातली निघाली. दिसायला सारखीच असलेली आणखी एक वस्तू मिळते, टीटीएल नावाची, 3.3 किंवा 5 व्होल्टवाली. ती चुकून काट्याला लावू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. काट्याच्या व्होल्टेजने ती जळू शकते.

शनिवारी सकाळचं संकलन उरकून पुण्याला गेले. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास फिरून अस्सल एफटी232 चिपच्या दोन केबली घेतल्या, पिना बाहेर असलेल्या, कारण आमच्या जुन्या केबलच्या टोकाला छिद्रं आहेत. शिवाय टाइप-सीचा चार यूएसबीवाला हब आणि प्रिंटरसाठी यूएसबी टू पॅरलल केबल. दुकानदाराने माझ्यासमोर एका केबलच्या 2 आणि 3 नंबरच्या पिना बारीक तारेने जोडल्या आणि कीबोर्डवर अक्षरं टाइप केली. तीच अक्षरं स्क्रीनवर परत आली. पाठवायची पिन आणि घ्यायची पिन एकमेकींना जोडली की केबल स्वतःशीच बोलते. यापुढे कोणतीही सिरियल केबल मी ही चाचणी पाहिल्याशिवाय घेणार नाही.

घरी येऊन आधी काटा जोडला आणि पुटी नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये पोर्ट उघडलं. स्क्रीनवर नुसता कचरा: चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटेसुलटे अक्षरांचे तुकडे. काटा वाटेल तसं बडबडतोय असं वाटलं. पण काट्याच्या जुन्या पुस्तिकेत पेन्सिलीने कोणीतरी 2400 लिहून ठेवलं होतं. पुटीत वेग (सेकंदाला किती बिट) 9600 होता. तो 2400 केला, आणि एकाखाली एक ओळी सरळ उतरायला लागल्या, सगळ्या शून्याच्या. अण्णांनी काट्यावर पाण्याची बादली ठेवली. 14.35, 14.35, 14.35. काट्याच्या लाल आकड्यातही तेच. आम्ही दोघं काही क्षण नुसते बघत राहिलो.

पुढची अडचण संकलनाच्या सॉफ्टवेअरची. त्यात सिरियल पोर्टसाठी कॉम 1 ते कॉम 4 एवढेच पर्याय, आणि विंडोजने केबलींना कॉम 7 आणि कॉम 8 दिलेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये गेलं की नंबर बदलता येतो. काटा कॉम 1, फॅट मशीन कॉम 2. या चिपला आपला स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे हबच्या कुठल्याही भोकात लावली तरी नंबर तोच राहतो. असा अनुक्रमांक नसलेली केबल जागा बदलली की नवा नंबर घेऊन बसते.

प्रिंटरने मात्र सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. केबल लावल्यावर तो लगेच ओळखला गेला, वर्डमधून छापूही लागला. पण आमचं सॉफ्टवेअर पावती सरळ एलपीटी 1 ला, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टला पाठवतं, आणि ही केबल एलपीटी 1 तयार करतच नाही. विंडोजच्या लेखी ते यूएसबीवरचं छपाईचं पोर्ट असतं, नाव यूएसबी001. दिरांनी फोनवर एकेक पायरी सांगितली: प्रिंटरला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हर, मग प्रिंटर शेअर करायचा, शेअरला लहान नाव द्यायचं, आणि कमांडच्या काळ्या खिडकीत 'नेट यूज' लिहून एलपीटी 1 त्या शेअरला कायमचा बांधायचा. एंटर मारलं, सॉफ्टवेअरमधून पावती काढली, आणि प्रिंटरचा तो ओळखीचा चर्र आवाज आला. अण्णा स्वयंपाकघरातून उठून आले.

रविवारी संध्याकाळी पहिल्यांदा सगळं यंत्रावर झालं. तिसाव्या की एकतिसाव्या पावतीनंतर पाच मिनिटं कोणी आलं नाही, आणि पुढच्या माणसाच्या वेळी सॉफ्टवेअरला काटा सापडेना. पोटात गोळा आला. केबल काढून लावली, चालू झालं. रात्री कारण सापडलं: वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकामं बसलेलं यूएसबी झोपवतं. हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती टिक काढली, पॉवर प्लॅनमधलं 'सिलेक्टिव्ह सस्पेंड'ही बंद केलं. त्यानंतर आजवर तसं झालं नाही.

प्रत्येक केबलला मी कापडी चिकटपट्टी लावून मार्करने लिहिलंय: काटा, 2400, कॉम 1. फॅट, 9600, कॉम 2. तिसरी एफटी232 केबल नंतर मागवली, ती गल्ल्याच्या खणात पावतीबुकाशेजारी ठेवलीय. त्या आजी परवा पावती घेऊन कॅन उचलताना म्हणाल्या, "आता नीट दिसतंय गं."