१७०७ नंतरच्या ताराबाई

महाराणी ताराबाईंवरचे जे ललित लेखन आजवर माझ्या वाचनात आले, त्यातील बरेचसे औरंगजेबाच्या मृत्यूपाशी येऊन थांबते. १७०७ च्या आरंभी नगरजवळच्या छावणीत बादशहा डोळे मिटतो, पाव शतक चाललेले युद्ध ओसरते आणि सात वर्षे राज्य सांभाळणारी तरुण विधवा राणी विजयी होऊन उभी राहते. लेखकाला तेथे लेखणी खाली ठेवावीशी वाटावी, हे मी समजू शकते. परंतु ताराबाई त्यानंतर आणखी ५४ वर्षे जगल्या, आणि ज्या निर्धाराने त्यांनी बादशहाला झुंजवले तोच निर्धार घेऊन त्या उरलेले सगळे आयुष्य स्वकीयांशी झगडत राहिल्या. युद्धातल्या करारी स्त्रीची कथा लिहिणाऱ्याने युद्ध संपल्यावर तिचा हात सोडू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते मांडण्यासाठी ताराबाईंपेक्षा चांगले उदाहरण मला दिसत नाही.

युद्धकाळातील त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजारामांचे निधन झाले तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि त्यांचा मुलगा शिवाजी चार वर्षांचाही झालेला नव्हता. साताऱ्याच्या किल्ल्याला त्या वेळी खुद्द औरंगजेबाचा वेढा पडलेला होता आणि पुढच्या महिन्यात तो किल्ला गेलाच. त्यानंतर परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले एकामागून एक बादशहाकडे जात राहिले. केवळ नकाशा पाहणाऱ्याला हा पराभवाचा पाढा वाटेल. प्रत्यक्षात मराठ्यांच्या बाजूने तो मोजूनमापून चाललेला व्यवहार होता. किल्लेदाराने शक्य तितके महिने किल्ला झुंजवायचा, शत्रूचा दारूगोळा, दाणावैरण आणि मुख्य म्हणजे लढाईचा हंगाम खर्ची पडू द्यायचा, पावसाळा तोंडावर आला की घसघशीत रक्कम घेऊन माणसांसह खाली उतरायचे, आणि पुढे मोगली शिबंदी उपासमारीने व एकटेपणाने खचली की तोच किल्ला परत घ्यायचा. विशाळगड जून १७०२ मध्ये असाच बादशहाच्या हाती आला, पण तेथून पन्हाळ्याकडे परतताना भर पावसात, फुगलेल्या ओढ्यानाल्यांत बादशाही फौजेची जनावरे, तंबू आणि माणसे यांची जी दैना झाली, ती एखाद्या मोठ्या पराभवापेक्षा कमी नव्हती. इकडे किल्ले झुंजत असताना मराठी फौजा मोगलांच्या मुलखात खोलवर शिरत होत्या. नेमाजी शिंदे १७०३ मध्ये नर्मदा ओलांडून माळव्यात उतरले. मोगलांचा इतिहासकार खाफीखान मराठ्यांचा मुळीच मित्र नव्हता, तरीही ताराबाईंची हुशारी आणि राज्यकारभारातली व लष्करातली जाण त्याने मोकळेपणाने मान्य केली आहे.

कादंबरीकाराच्या दृष्टीने खरी कठीण जागा येते ती यानंतर. बादशहाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा आज्जमशहा याने कैदेतल्या शाहूंची, म्हणजे संभाजी महाराजांच्या मुलाची, सुटका केली, पण त्यांच्या मातोश्री येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यामागचा हिशेब उघड होता आणि तो अचूक ठरला. ताराबाईंनी हा शाहू खरा नव्हे, तोतया आहे, असे जाहीर केले. त्यांच्या मनात खरोखर शंका होती की ती राजकारणातली चाल होती, हे ठरवण्याची घाई लेखकाने करू नये. त्यांची बाजू नुसत्या पुत्रमोहाची नव्हती. संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य जवळजवळ बुडाले होते, ते राजारामांनी दक्षिणेतल्या जिंजीच्या किल्ल्यात जाऊन आणि त्यांच्यामागे आपण सात वर्षे झुंज देऊन पुन्हा उभे केले. मग मोगलांच्या छावणीत सतरा वर्षे वाढलेल्या आणि मोगलांनीच सोडलेल्या राजपुत्राने येऊन त्यावर हक्क सांगावा हे न्यायाचे कसे, असा त्यांचा सवाल होता. शाहूंच्या बाजूने थोरल्या शाखेचा वारसा होता आणि बहुसंख्य सरदारांना तो जवळचा वाटला. दोन्ही बाजूंत तथ्य असणे हीच कादंबरीची पुंजी असते. आपले लेखक मात्र येथे एकाला नायक ठरवून दुसऱ्याला घाईने खलनायक करतात.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंनी सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतलेल्या होत्या. तरीही ऐन लढाईच्या वेळी सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. वर्षानुवर्षे आपल्या हुकमाने मोगलांवर तुटून पडणारा सेनापती एका दिवसात परका झाला, ही बातमी मागे किल्ल्यावर असलेल्या राणीपर्यंत कोणी आणि कशा शब्दांत पोहोचवली असेल? बखरीत याला एक ओळ मिळते. कादंबरीत याला एक प्रकरण मिळायला हवे, कारण निर्धार म्हणजे काय हे विजयाच्या दिवशी कळत नाही. ते अशा संध्याकाळी कळते. ताराबाईंनी शस्त्र खाली ठेवले नाही. सातारा हातचे गेले, जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा राज्याभिषेक झाला, आणि त्यांनी पन्हाळ्याच्या आश्रयाने आपल्या मुलाच्या नावाने स्वतंत्र गादी उभी केली. कोल्हापूरचे राज्य ते हेच.

मग १७१४ साल येते. सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांच्या बाजूने पन्हाळ्यावर उलथापालथ झाली आणि ताराबाई व त्यांचा मुलगा आपल्याच किल्ल्यावर कैदेत पडले. तो मुलगा १७२६ मध्ये कैदेतच वारला. पुढे वारणेच्या लढाईनंतर शाहूंच्या फौजेच्या हाती त्या सापडल्या, तेव्हा कोल्हापूरकरांकडच्या कैदेत परत जाण्याऐवजी त्यांनी साताऱ्यास राहणे पत्करले. ज्याला तोतया म्हटले त्याच पुतण्याच्या राजधानीत, त्याच्या देखरेखीखाली, जवळजवळ वीस वर्षे! या वर्षांबद्दल इतिहासाची पुस्तके फार थोडे बोलतात, आणि मला वाटते की कल्पनेने लिहिणाऱ्याला सर्वांत मोठा अवकाश येथेच आहे. नोंदलेल्या घटना बदलण्याची आवश्यकता नाही. दोन नोंदींच्या मधले दिवस कसे गेले असतील हे तपशिलाने आणि प्रामाणिकपणे रचणे पुरेसे आहे. गडावरच्या पाण्याच्या टाक्यांची पातळी, पहाऱ्यावरच्या शिपायांच्या बदल्या, कोण भेटीस आले आणि कोण येईनासे झाले, यांवर लक्ष ठेवून असलेली एक वृद्ध राजस्त्री मला डोळ्यांसमोर दिसते.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. त्याच्या थोडे आधी ताराबाईंनी सांगितले होते की आपल्या मृत मुलाचा मुलगा जिवंत आहे. सवतीच्या लोकांपासून जीव वाचावा म्हणून तान्हेपणीच त्याला पन्हाळ्यावरून बाहेर काढून गुप्तपणे वाढवले. हाच रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. आता तरी आपल्या हाती कारभार येईल अशी ताराबाईंची अपेक्षा होती, पण सत्ता नानासाहेब पेशव्यांकडे गेली आणि नातू त्यांच्या कलाने वागू लागला. नोव्हेंबर १७५० मध्ये, चंपाषष्ठीच्या दिवशी, ताराबाईंनी रामराजाला किल्ल्यावर बोलावले आणि दरवाजे लावून कैद केले. तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या.

या बंडात त्यांना साथ देणारी दुसरी व्यक्ती म्हणजे उमाबाई दाभाडे. पती सेनापती खंडेराव वारल्यावर १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना उमाबाईंचा मुलगा त्र्यंबकराव मारला गेला होता. वीस वर्षे ते दुःख उराशी धरून बसलेल्या उमाबाईंनी आपले सरदार दमाजी गायकवाडांना पंधरा हजार फौजेनिशी गुजरातेतून साताऱ्याकडे धाडले. मुलांना मुकलेल्या दोन वृद्ध विधवांनी त्या काळातल्या सर्वांत बलाढ्य माणसाविरुद्ध एकत्र येणे यापेक्षा अधिक नाट्य कोणत्या रणांगणावर असेल? दमाजी आधी जिंकले, मग कोंडीत सापडून पेशव्यांचे कैदी झाले. बंड फसले, पण किल्ला ताराबाईंनी सोडला नाही. रामराजाला सोडावे असे सुचवणाऱ्या आपल्याच आनंदराव जाधवांना त्यांनी देहदंड दिला. हा प्रसंग कादंबरीतून गाळण्याचा मोह होईल, आणि तो गाळला तर मात्र आपण ताराबाईंना नव्हे, आपल्या सोयीच्या एका देवीला लिहीत आहोत असे समजावे.

सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात ताराबाई आणि नानासाहेब यांच्यात शपथेवर समेट झाला. त्या वेळी ताराबाईंनी देवासमोर सांगितले की रामराजा आपला नातू नव्हे. ज्या चंपाषष्ठीला त्याला धरले तो सण खंडोबाचा, आणि ज्याच्या साक्षीने त्याला नाकारले तो देवही खंडोबाच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी खऱ्या पुतण्याला खोटा म्हणणारी स्त्री आता, ज्याला आपणच नातू म्हणून उभे केले त्यालाच, भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या दगडी फरसावर उभी राहून नाकारते आहे. ती तेव्हा खोटे बोलली की आधी खोटे बोलली होती? त्या काळच्या दरबारातही याबद्दल एकमत नव्हते. मी कादंबरीकार असते तर पहिले वाक्य याच प्रसंगाचे लिहिले असते आणि सिंहगड, जिंजी, पन्हाळा हे सगळे तिच्या स्मरणातून, तिला सोयीच्या आणि गैरसोयीच्या क्रमाने येऊ दिले असते. किल्ला आणि रामराजा दोन्ही अखेरपर्यंत त्यांच्या ताब्यात राहिले. पानिपताची बातमी आली, नानासाहेब गेले, आणि त्याच वर्षी, डिसेंबर १७६१ मध्ये, ताराबाईंनी साताऱ्यास देह ठेवला.

कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुलीला त्यांची समाधी आहे. मी तेथे गेले तेव्हा घाटावर आलेली बहुतेक मंडळी शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी विचारत होती, आणि ती प्रेमाने जपली गेली याचा मला आनंदच आहे. परंतु ताराबाईंची जागा दाखवणारा माणूस मिळायला बराच वेळ लागला, याचे मला मनापासून वाईट वाटले. येसूबाईंची समाधीही माहुलीलाच आहे. १६८९ मध्ये रायगडास वेढा पडला असताना स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून दिराला जिंजीकडे जाण्यास सांगणारी आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे मोगलांच्या कैदेत काढून १७१९ मध्ये साताऱ्यास परतणारी ही स्त्री. एका जावेने मुलाच्या हक्कावर पाणी सोडले, दुसरीने त्यासाठी आयुष्य जाळले, आणि दोघींनाही राज्यच वाचवायचे होते. परतलेल्या येसूबाई आणि साताऱ्यास आणलेल्या ताराबाई यांची कधी समोरासमोर भेट झाली असेल, तर ती लिहिण्याइतका संयम असलेला लेखक मला वाचायचा आहे.

युद्ध संपताच स्त्रीचा हात सोडण्याची हीच सवय पानिपताबाबतही दिसते. त्यावर आपल्याकडे अमाप लिहिले गेले, पण तेथून जिवंत परतलेल्या पार्वतीबाईंकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले. सदाशिवरावभाऊंच्या या पत्नी नवऱ्याबरोबर उत्तरेत गेल्या होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या पडझडीतून त्या वाचल्या आणि सुरजमल जाटाच्या आश्रयाने पुढे दक्षिणेत आल्या. भाऊंचा मृत्यू त्यांनी कधी मान्य केला नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. पुढे भाऊंचा म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याने कोकणात मोठीच खळबळ माजवली आणि १७७६ मध्ये त्याला पुण्यात मारण्यात आले. तरीही पार्वतीबाईंचे कुंकू तसेच राहिले. १७८३ मध्ये त्या वारल्या. ही भाबडी आशा होती असे म्हणून त्यांना बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याच पार्वतीबाई नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंबरोबर पुरंदरावर गेल्या आणि पेशव्यांच्या गादीचा वारस तेथे एप्रिल १७७४ मध्ये जन्माला आला. नवऱ्याच्या मृत्यूचा पुरावा न मानणाऱ्या या बाईंना घरातल्या इतर सगळ्या मृत्यूंचा हिशेब नीट कळत होता आणि त्यातून कोणाला वाचवायचे हेही कळत होते. त्यांच्यावर लिहिणाऱ्याने पानिपताला एक प्रकरण द्यावे आणि उरलेले पुस्तक या बावीस वर्षांना द्यावे.