पिवळ्या पानांमागचे कारण
आज सकाळचा वेळ कुंड्यांमध्ये गेला. पान पिवळे दिसले की पुष्कळजण लगेच खत घालतात, पण आधी कोणते पान पिवळे झाले आहे हे पाहणे फार गरजेचे असते: खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी पडलेले असते, आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडूनही शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोहाच्या कमतरतेची शक्यता अधिक. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, तर मुळे तपासावीत. निरोगी मुळे पांढरट आणि घट्ट असतात, कुजलेली मुळे तपकिरी व बुळबुळीत होऊन बोटांत सुटून येतात. अशा झाडाला आणखी पाणी घालणे अतिशय घातक.

जास्वंदीच्या शेंड्यांवर मात्र पिठ्या ढेकूण (झाडांवरची एक कीड) होता, कापसासारखे पुंजके आणि खोडावरून मुंग्यांची रांग. (मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठी येतात आणि त्याचे रक्षणही करतात.) जास्त लागण झालेले शेंडे छाटले, बाकीचे पाण्याच्या जोरदार धारेने धुतले आणि ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून पानांच्या मागच्या बाजूलाही फवारले. अंडी पहिल्या फवारणीत वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा फवारणार आहे.