‘रन’ची कार्डे : ‘चालवणे’चा गठ्ठा अखेर सुटला

इंग्रजी ‘रन’ (run) या क्रियापदाचा एकेक वापर एकेका कार्डावर लिहून ती कार्डे मी अर्थांनुसार लावत आहे. मागच्या दोन्ही नोंदींत ज्या गठ्ठ्याने मला अडवून धरले होते, तो ‘चालवणे’चा गठ्ठा काल रात्री सुटला, म्हणून ही नोंद ठरल्या दिवसाआधीच लिहीत आहे. ‘रन’ची माझ्याकडची कार्डे आता ३१२ झाली आहेत आणि त्यांतली ५८ एकट्या ‘चालवणे’खाली पडून होती. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी कोशकारांनी याच क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले. त्या मानाने माझा पसारा लहान आहे, पण अडचण तीच आहे : एक अर्थ कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो?

आरंभी मी मराठी प्रतिशब्दावरून कप्पे पाडले होते. नदी वाहते, रस्ता जातो, नाक गळते, नाटकाचे प्रयोग होतात, निवडणुकीला उमेदवार उभा राहतो. (ब्रिटिश इंग्रजीतही तो उभाच राहतो, धावतो तो अमेरिकेत.) ही पद्धत दिसायला नेटकी होती, परंतु तिच्यामुळे कप्पे मराठीचे झाले, ‘रन’चे झाले नाहीत. दुसऱ्या बाजूला दुकान, यंत्र, खानावळ, शाळा आणि संगणकावरचा प्रोग्रॅम हे सर्व आपण ‘चालवतो’च, त्यामुळे तेथे प्रतिशब्द काहीच वेगळे करीना. कर्म सजीव की निर्जीव, असे विभागून पाहिले. घोड्याच्या कार्डाने तेही मोडले, कारण ‘घोडा पळवला’ या वाक्यात घोडा दौडवला की चोरून नेला, हे मराठीतच ठरत नाही.

वाट सापडली ती व्युत्पत्तीत. जुन्या इंग्रजीत येथे दोन क्रियापदे होती : स्वतः धावण्यासाठी ‘रिन्नान’ किंवा ‘इर्नान’, आणि दुसऱ्याला धावायला लावण्यासाठी ‘ॲर्नान’. पुढे स्कँडिनेव्हियन भाषेच्या संपर्कात त्यांची रूपे एकमेकांत मिसळली आणि आजच्या ‘रन’ने दोघांचेही काम अंगावर घेतले. आपण मात्र ‘चालणे–चालवणे’, ‘पळणे–पळवणे’ हे भेद अजून जपून आहोत. चालवणारा कोणी असेल तर तो थांबवूही शकतो, म्हणून मी प्रत्येक कार्डावर आता एकच प्रश्न लिहिला आहे : हे कोण थांबवू शकतो? दुकान मालक थांबवू शकतो, प्रोग्रॅम वापरणारा थांबवू शकतो, उमेदवार अर्ज मागे घेऊ शकतो. नदी आणि नाक यांना मात्र कर्ता थोपवू शकत नाही. या एका प्रश्नाने ५८ पैकी ५१ कार्डे जागेवर गेली.

उरलेल्या सातांत तापाचे कार्ड सर्वांत हट्टी होते. इंग्रजीत माणूस ताप ‘रन’ करतो आणि धोकाही ‘रन’ करतो. व्याकरण दोन्हीकडे सकर्मक आहे, परंतु ताप कोणी चालवत नाही. ही दोन कार्डे मी तीन आठवडे एकत्र बांधून ठेवली होती. आत्ता हे लिहितानाच लक्षात येत आहे की ती एकत्र ठेवण्याचे कारणच नव्हते, कारण मराठीत ‘त्याने धोका पत्करला’ असे म्हणतात आणि ‘त्याला ताप आला’ असे म्हणतात. ‘ने’ आणि ‘ला’ या प्रत्ययांनीच त्यांची वाटणी केली आहे. धोक्याचे कार्ड कर्ता थांबवू शकतो त्या कप्प्यात जाईल. तापासाठी तिसरा कप्पा उघडावा लागेल, आणि दूध संपल्याचे कार्डही तेथेच जाईल, कारण इंग्रजीत (‘रन आउट ऑफ मिल्क’) दुधाबाहेर माणसे ‘धावतात’, आपल्याकडे दूधच संपते.

या वेळची कार्डे अप्पा बळवंत चौकातल्या नेहमीच्या दुकानात मिळाली नाहीत म्हणून दुसरीकडून घेतली आणि ती फार पातळ निघाली. ज्यांना शाईच्या पेनने लिहायचे आहे त्यांनी जाड कागदाचाच आग्रह धरावा. संगणकावरच्या तक्त्यात कार्डे पसरून डोळ्यांसमोर मांडता येत नाहीत, म्हणून मी कागद सोडणार नाही. मात्र त्याच पातळ कागदावर शाई फुटली आणि कित्येक दिवस न सापडलेला शब्द हाती आला : कापडाचा रंग सुटतो, पण कागदावरची शाई फुटते. इंग्रजीला दोन्हीकडे ‘रन’ पुरते. दुसरा आनंद शिवणकामातला आहे. ‘रनिंग स्टिच’ला आपल्या घराघरांत ‘धावदोरा’ म्हणतात. त्या कार्डाशेजारी धावबाद, धावपट्टी आणि मोटेच्या बैलांची विहिरीवरची धाव ही कार्डे ठेवली, तेव्हा क्रियापदापेक्षा नामाच्या बाबतीत दोन्ही भाषा किती जवळ येतात हे स्पष्ट दिसले.

यानंतर ‘टेक’ची पेटी उघडण्याचे मी जाहीर केले होते, तो बेत आता बदलतो आणि आधी ‘सेट’ घेतो. ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चे प्रयोजक, म्हणजे सरळ आपले ‘बसवणे’ आहे, आणि ऑक्सफर्डच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. तरीही सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा त्याला कोणी बसवत नाही. थांबवण्याचा प्रश्न तेथे टिकतो का, हे पाहण्यासाठी पहिले कार्ड रात्रीच लिहून ठेवले आहे : दही लावणे, आणि त्याच्याच मागच्या बाजूला दही लागणे.