अंथरुणं कुठे घालायची

गणपतीत आमच्या देवगडकडच्या घरात तीस-पस्तीस माणसं असतात. मुंबईचे चाकरमानी, त्यांची पोरं, कुणाची तरी सासू. रात्री भजन झालं, उसळ-पाव खाऊन झाला की माजघर, पडवी, माळा, जिथे जागा दिसेल तिथे अंथरुणं पडतात आणि कोणाचं पोर कुठे झोपलंय हे सकाळपर्यंत कोणी बघत नाही. लहानपणी आम्हाला हेच सगळ्यात भारी वाटायचं.

माझी चुलत बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती, मी अकराची. मोदकांसाठी आजी विळीवर नारळ खवत बसलेली आणि ही तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली की ते काका रात्री माझ्या पांघरुणात येतात, मला नाही आवडत. आजीचा हात थांबला, एवढं मला पक्कं आठवतंय, खोबरं तसंच विळीच्या दात्यांना चिकटलेलं. मग ती म्हणाली, "गप ऱ्हव गो, घरात पावणे आसत." आणि परत खवायला लागली.

बस एवढंच. ते काका पखवाज फार सुंदर वाजवायचे, अख्ख्या वाडीत त्यांना मान. पुढची कितीतरी वर्षं पखवाजावर थाप पडली की बहीण मागच्या दारी विहिरीकडे जाऊन बसायची आणि सगळे म्हणायचे, हिला भजनाची आवड नाही बाई.

आजीवर राग होता, आता तेवढा नाही. तिला कोणी विचारलं असतं तर तीही काहीतरी बोलली असती असं मला आता वाटतं, पण ते जाऊदे.

ऑगस्ट २०२४ ला बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं रक्त उसळलं होतं, फाशी द्या, चौकात द्या. राग खराच होता, मलाही आलेला. पण त्याच ग्रुपवर ते पखवाजवाले काका पण आहेत, हात जोडल्याचे इमोजी टाकत. परका नराधम असला की आपल्याला सोपं जातं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल आहे, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यात मुलगे निम्म्याहून जास्त होते (मुलग्यांचं तर कोणी धरतच नाही). करणारे निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातले. बहुतेक मुलांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या हिने सांगितलं होतं!

गावात हा विषय काढला की पहिला प्रश्न एकच, पोलिसांची गाडी वाडीत आली तर पोरीचं लग्न कसं होणार. हे मी शिकलेल्या माणसांकडून, शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून सुद्धा ऐकलंय. तिला म्हटलं, अगं मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा वाच जरा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि ते सुद्धा युनिफॉर्म न घालता. मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. नाव छापायचं नाही. आणि माहीत असून कळवलं नाही तर कळवायला हवं होतं त्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे तू, मी, आजी, सगळ्याच. ती गप्प झाली. मग म्हणाली, ती मुलांची हेल्पलाइन, १०९८, लावली तर आपलं नाव विचारतात का गं? म्हणजे तिच्या डोक्यात कोणीतरी पोर होतं. मी खोदून विचारलं नाही, नंबर लावेपर्यंत शेजारी बसले फक्त.

गेल्या गणपतीत माझी सात वर्षांची भाची एका पाहुण्यांच्या मांडीवर बसायला तयार नव्हती. सगळे हसत होते, लाजते गं, जा ना, आपलेच आहेत. ती माझ्या ओढणीला धरून उभी. मी म्हटलं, नको म्हणतेय ना ती. अगदी साध्या आवाजात म्हटलं पण खोलीत एकदम शांतता. पाहुणे म्हणजे कदाचित अगदी सरळ माणूस असेल, मला काय ठाऊक, पण मला त्यांची परीक्षा घ्यायचीच नव्हती. काकी माझ्याशी गौरी विसर्जनापर्यंत बोलली नाही. शहरात राहून शेफारलीय, असं वहिनीला म्हणाली म्हणे.

त्या रात्री भजन उशिरा संपलं. अंथरुणं घालताना मी म्हटलं, पोरं सगळी माजघरात, माझ्या बाजूला. वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं, काही बोलली नाही. पडवीत गेली आणि पोरांच्या उशा काखेत मारून आत घेऊन आली.